सर्व्हिस बंद केली तरी पुन्हा सुरू होते, पीसी पुन्हा रेंगाळतो: विंडोजमध्ये नेमकं काय बंद करावं

लक्षण ठरलेलं असतं. फोर्ट किंवा दादरच्या छोट्या ऑफिसात सकाळी पीसी सुरू होतो, डेस्कटॉप दिसतो, पण टॅली उघडायला पाच-सात मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. मग कुणीतरी इंटरनेटवरची यादी समोर ठेवून वीस-पंचवीस सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्राम, डिसेबल करतं. दोन आठवडे बरं वाटतं, एखादं अपडेट येतं आणि ये रे माझ्या मागल्या. याहून वाईट म्हणजे यादीतली एखादी सर्व्हिस नको तिथली निघते आणि डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी यंत्र, दिसेनासं होतं. ते कळतं महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना.

आधी मोजायचं, मग एकेक सर्व्हिस बदलायची. सरसकट याद्या याच्या नेमकं उलट करायला लावतात. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

गुन्हेगार सर्व्हिसच आहे का?

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथले १०० टक्के म्हणजे डिस्क पूर्ण वेगाने काम करतेय असं नाही. तेवढा सगळा वेळ ती कुठल्या ना कुठल्या कामात अडकलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ७२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क इकडून-तिकडून तुकडे वाचायला लागली की सेकंदाला साधारण ७५ ते १०० वाचनंच करू शकते. म्हणून वेग अर्धा-एक एमबी दिसतो आणि तरीही टक्केवारी शंभरवर चिकटलेली असते. खरा आकडा शेजारी असतो, ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. तो काही सेकंद वर जाऊन खाली आला तर ठीक. सतत शेकडो मिलिसेकंदांत असेल तर डिस्क तुंबली आहे.

डिस्कच आजारी असेल तर सर्व्हिस बंद करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन चालवा आणि तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर, सी७ म्हणजे केबलवरून येता-जाता झालेल्या चुका. पहिल्या दोहोंचे आकडे आठवड्याभरात वाढले तर आजच बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. फक्त सी७ वाढत असेल तर साटा केबल बदलून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. इव्हेंट व्ह्युअर ही विंडोजची नोंदवही. तिच्या सिस्टिम लॉगमध्ये ७, १५३ किंवा १२९ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील तर त्याही डिस्क, केबल किंवा कंट्रोलरकडेच बोट दाखवतात.

डिस्क धडधाकट असेल तर रन चौकटीत (विंडोज-आर) रेसमॉन टाइप करून रिसोर्स मॉनिटर उघडा. डिस्क टॅबमध्ये टोटलच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड प्रोसेस वर येते. ती एसव्हीसीहोस्ट, म्हणजे सर्व्हिसना पोटात घेऊन चालवणारी प्रोसेस, निघाली तर तिचा पीआयडी हा क्रमांक लक्षात ठेवा, टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये तोच क्रमांक शोधा आणि राइट-क्लिक करून गो टू सर्व्हिसेस निवडा. मागची सर्व्हिस निळ्या पट्टीत दिसेल.

यादीत सत्तर-ऐंशी एसव्हीसीहोस्ट दिसले म्हणून व्हायरस समजू नका. २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या मशीनवर विंडोज जवळपास प्रत्येक सर्व्हिसला वेगळा होस्ट देतं. पूर्वी दहा-बारा सर्व्हिस एकाच खोलीत कोंबलेल्या असायच्या आणि एक पडली की सगळ्या पडायच्या.

रॅमचा हिशोबही आधीच करून टाका. निवांत बसलेली सर्व्हिस सहसा काही एमबी घेते. अशा वीस बंद करून जे वाचतं ते ब्राउझरचे दोन-तीन टॅब खाऊन टाकतात. मॅन्युअल असलेली आणि सुरूच न झालेली सर्व्हिस तर शून्य रॅम घेते. म्हणून एक्सबॉक्सच्या सर्व्हिस डिसेबल करून वेग वाढल्याचं सांगणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका. त्या मॅन्युअलच असतात आणि गरज नसली तर उठतही नाहीत.

बंद केलेली सर्व्हिस पुन्हा का सुरू होते

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक सर्वांत साधी आहे. रन चौकटीतून उघडणाऱ्या सर्व्हिसेस डॉट एमएससी या यादीत फक्त स्टॉप दाबलेलं असतं. स्टॉप आत्तापुरता असतो. पुढच्या वेळी काय व्हायचं ते स्टार्टअप टाइप ठरवतो. तो ऑटोमॅटिकच राहिला तर रीस्टार्टनंतर सर्व्हिस परत हजर.

टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करणं वेगळं. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये रिकव्हरी टॅब असतो आणि तिथे बऱ्याचदा फर्स्ट फेल्युअरसमोर रीस्टार्ट द सर्व्हिस लिहिलेलं असतं. प्रोसेस मारली की विंडोज समजतं, ही कोसळली, आणि मिनिटाभरात पुन्हा उभी करतं.

तिसरं कारण मॅन्युअल या शब्दाचं. मॅन्युअल म्हणजे तुम्ही सुरू केल्याशिवाय सुरू न होणारी असं नव्हे. दुसऱ्या सर्व्हिसने हाक मारली किंवा ट्रिगर आला की ती उठते. यूएसबी जोडणं, नेटवर्क मिळणं हे असे ट्रिगर. आणि हे चांगलंच आहे, कारण काम झालं की यातल्या बऱ्याच सर्व्हिस आपल्या आपण झोपी जातात. शंका असेल तिथे डिसेबल्डऐवजी मॅन्युअल ठेवा, मोडतोड जवळपास होत नाही.

चौथं कारण, नावाच्या शेवटी खालची रेघ आणि पाच-सहा अक्षर-अंकांची शेपटी असलेल्या सर्व्हिस. वनसिंक किंवा क्लिपबोर्ड युझर सर्व्हिस ही उदाहरणं. प्रत्येक लॉगिनला त्या मूळ साच्यावरून नव्याने तयार होतात आणि शेपटी बदलते, त्यामुळे शेपटीवाल्या प्रतीत केलेला बदल टिकत नाही. बदलायचंच असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस या वाटेने जा, शेपटी नसलेली मूळ नोंद शोधा आणि तिची स्टार्ट किंमत बदला. २ म्हणजे ऑटोमॅटिक, ३ मॅन्युअल, ४ डिसेबल्ड. ० आणि १ बूटच्या वेळच्या ड्रायव्हरसाठी असतात, त्यांना चुकूनही हात लावू नका. पण यातल्या बहुतेक सर्व्हिस इतक्या हलक्या असतात की एवढा खटाटोप करण्यात हशील नाही.

उरलेलं खापर अपडेटवर. विंडोजचं मोठं फीचर अपडेट म्हणजे जवळजवळ नवी स्थापना, त्यात काही सर्व्हिसची मूळ सेटिंग परत येते. विंडोज अपडेटला तर स्वतःचा वैद्य आहे, अपडेट मेडिक सर्व्हिस. तिचं कामच अपडेटचे बिघडलेले भाग दुरुस्त करणं, आणि तुम्ही केलेलं डिसेबल तिच्या लेखी बिघाडच.

नक्की कुणी आणि कधी बदललं ते बघायचं असेल तर सिस्टिम लॉगमध्ये ७०४० हा इव्हेंट आयडी गाळून बघा. स्टार्टअप टाइप कशातून कशात गेला आणि कुठल्या खात्याने बदलला ते तिथे लिहिलेलं असतं. बीआयटीएस या मागच्या मागे डाउनलोड करणाऱ्या सर्व्हिसच्या अशा नोंदी भरपूर दिसतील. ती स्वतःच ऑटोमॅटिक आणि डिमांडमध्ये (म्हणजे मॅन्युअल) ये-जा करते, सोडून द्या.

काय बंद करता येतं

हात लावण्याआधी सर्व्हिसेस डॉट एमएससीच्या ॲक्शन मेन्यूतून एक्सपोर्ट लिस्ट करा. नाव, स्थिती आणि स्टार्टअप टाइप असलेली टेक्स्ट फाइल मिळते. नावात तारीख घाला आणि पेनड्राइव्हवर ठेवा. दोन महिन्यांनी काही बिनसलं तर तुलना करायला हीच उपयोगी पडते. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर पॉइंट. मग एका वेळी एक किंवा फार तर दोन सर्व्हिस बदला, रीस्टार्ट करा, दोन-तीन दिवस काम करा. शट डाउन नको, रीस्टार्टच हवा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे तुमची चाचणी खोटी ठरते.

सिसमेन. जुनं नाव सुपरफेच, १८०९ आवृत्तीपासून नवं. नेहमीची ॲप्लिकेशन्स आधीच रॅममध्ये आणून ठेवणं हे तिचं काम. एसएसडीवर तिचा त्रास जाणवत नाही, राहू द्या. हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असेल आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये खरोखर तीच वर दिसत असेल, तरच डिसेबल करून बघा. नेहमीची ॲप्लिकेशन्स उघडायला जास्त वेळ लागू लागला तर परत ऑटोमॅटिक करा.

विंडोज सर्च. हिला मारण्यापेक्षा हिचा पसारा कमी करा. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन मॉडिफाय दाबा आणि टॅलीचा डेटा फोल्डर, स्कॅन केलेल्या पावत्यांचा ढीग, डी ड्राइव्ह काढून टाका. सर्व्हिस पूर्ण बंद केली तर आउटलुकमधला जुना मेल शोधणं हळू आणि अर्धवट होतं. मग तक्रार आउटलुकची येते आणि कुणालाच मूळ कारण आठवत नाही. रीबिल्डचं बटण दिसेल, ते ऑफिसच्या वेळात दाबू नका. हार्ड डिस्कवर काही तास जातात.

कनेक्टेड युझर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनवर बिनधास्त डिसेबल करा. पण डिस्क दळणारी ही नसतेच. तो उद्योग कम्पॅटिबिलिटी अप्रेझर या टास्कचा, आणि ती सर्व्हिसच्या यादीत सापडणार नाही. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲप्लिकेशन एक्सपीरियन्स अशा क्रमाने जा आणि तिथे डिसेबल करा. सर्व्हिस बंद केली तरी डिस्क घरघरतेच, या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच टास्क निघते.

डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर, रिटेल डेमो, फॅक्स, विंडोज इनसाइडर, मीडिया प्लेअर नेटवर्क शेअरिंग. बंद करा किंवा नका करू, फरक पडणार नाही.

प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या सुरक्षा-छिद्रानंतर प्रिंटर नसलेल्या मशीनवर तो बंद करण्याचा सल्ला सगळीकडे पसरला. सल्ला योग्य आहे, पण मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफसुद्धा स्पूलरमधूनच जातं. चलन, आयटीआरची पोचपावती, रेल्वेचं तिकीट असं काहीही त्या वाटेने पीडीएफ करणार असाल तर स्पूलर हवाच. तो प्रोसेसर खात असेल तर बहुतेकदा एखादं अडकलेलं प्रिंट कारण असतं. स्पूलर स्टॉप करा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा, फोल्डर नव्हे, आणि पुन्हा स्टार्ट करा.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची सर्व्हिस मारू नका. सेटिंग्जमध्ये इतर पीसींकडून डाउनलोड घेण्याचा पर्याय बंद करा, तुमच्या ब्रॉडबँडवरून परक्यांना अपडेट पोचवणं थांबतं. ब्रॉडबँड गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम ढकलत असाल तर त्या वायफायला मीटर्ड, म्हणजे मोजका डेटा असलेलं, करून ठेवा.

आणि विंडोज अपडेट? बंद करू नका. केलंत तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर रुसतं आणि ८००७०४२२ ने संपणारा एरर येतो. त्याचा अर्थ एवढाच की हवी ती सर्व्हिस डिसेबल्ड आहे. अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होऊ नये अशा वेळा, म्हणजे ॲक्टिव्ह अवर्स, १८ तासांपर्यंत देता येतात आणि अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. रिटर्नचा आठवडा टाळायला तेवढं पुष्कळ झालं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेणाऱ्या १० च्या मशीनवर ही सर्व्हिस बंद असेल तर त्या नोंदणीचा उपयोग शून्य.

कशाला हात लावायचा नाही

आरपीसी, डीकॉम लाँचर, प्लग अँड प्ले, पॉवर, युझर प्रोफाइल, इव्हेंट लॉग, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, बेस फिल्टरिंग इंजिन, फायरवॉल, डीएचसीपी. यातल्या काहींचा स्टार्टअप टाइप धूसर, म्हणजे बदलता न येणारा असतो. तो रजिस्ट्रीतून बदलायची युक्ती कुणी शिकवली तर ऐकू नका. फायरवॉल नको असेल तर तिच्या सेटिंगमधून प्रोफाइल बंद करा, सर्व्हिस मात्र चालू ठेवा. सर्व्हिस थांबली की स्टोअरची ॲप बसणंसुद्धा अडतं.

याद्यांमध्ये निरुपयोगी म्हणून हमखास येणाऱ्या, पण आपल्याकडे लागणाऱ्या सर्व्हिस वेगळ्याच आहेत.

स्मार्ट कार्ड आणि सर्टिफिकेट प्रोपॅगेशन. सीए, सीएस, वकील आणि निविदा भरणारे कंत्राटदार यांचं डीएससीचं यूएसबी टोकन विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्डच असतं. या बंद असल्या की टोकनचा दिवा लागतो, पण सर्टिफिकेटच्या यादीत नाव येत नाही. मग लोक टोकनचा ड्रायव्हर चार वेळा काढून घालतात.

टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनल, ११ मध्ये टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट. टचस्क्रीन नाही म्हणून ही बंद केली जाते आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टच्या शोधचौकटीत अक्षर उमटत नाही, इमोजीचं पॅनल उघडत नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड वापरणाऱ्यांनी तर हिच्या वाटेला जाऊच नये.

विंडोज टाइम. जुन्या मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी संपली आणि ही बंद असली की घड्याळ मागे जातं. मग बँकेची किंवा सरकारी साइट सर्टिफिकेट अवैध म्हणून उघडत नाही.

सर्व्हर, वर्कस्टेशन, फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन. एकाच पीसीवरचा टॅली डेटा किंवा प्रिंटर दोघं-तिघं वापरत असतील तर या लागतात. सर्व्हर हे नाव वाचून, आपल्याकडे कुठे सर्व्हर आहे, असं म्हणून ती बंद केली जाते.

याखेरीज मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या दोन. टॅली गेटवे सर्व्हर बंद केला तर बाकीच्या मशीनना लायसन्स मिळत नाही. आधारच्या बोटांच्या ठशांचं यंत्र असलेल्या सेवा केंद्रात त्या यंत्राची आरडी सर्व्हिस चालू नसेल तर ठसा पोर्टलपर्यंत पोचतच नाही.

खरा फायदा इतर कंपन्यांच्या सर्व्हिसमध्ये

लॅपटॉप कंपनीची चार-पाच साधनं, दोन अपडेटर, जुन्या प्रिंटरचा मॉनिटर, मुदत संपलेला अँटीव्हायरस. खरं ओझं हे असतं. रन चौकटीत एमएसकॉन्फिग, मग सर्व्हिसेस टॅब, आणि सर्वांत आधी खालच्या हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर खूण. ती न करता डिसेबल ऑल दाबलं की पुढच्या लॉगिनला पिन चालत नाही.

उरलेल्या समजा सोळा असतील. आठ बंद करून रीस्टार्ट करा. त्रास गेला तर दोषी त्या आठांत, राहिला तर उरलेल्या आठांत. पुढे चार, दोन, एक. सोळांतून एक शोधायला चार रीस्टार्ट पुरतात. सापडलेली सर्व्हिस डिसेबल करून थांबू नका, तिचं सॉफ्टवेअरच कंट्रोल पॅनलमधून काढा. नाहीतर त्याचा अपडेटर पुढच्या महिन्यात तिला परत उभी करतो.

एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस खास बघा. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर काढलेलं असतं, पण त्याने सोबत आणलेला एक्सप्रेस या फुकट आवृत्तीचा इन्स्टन्स, म्हणजे चालू प्रत, मागे राहतो. २०१६ एसपी१ नंतरच्या एक्सप्रेसमध्ये एक इन्स्टन्स नुसत्या बफरसाठी रॅममध्ये १४१० एमबीपर्यंत जाऊ शकतो. आठ जीबीच्या मशीनवर असे दोन असले तर पुढचं सांगायला नको. पण आधी डेटा फोल्डरमधल्या एमडीएफ (डेटाबेसच्या) फाइलींच्या तारखा बघा, चालू सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, स्टार्टअप मॅन्युअल करा. पूर्ण महिना आणि एक महिनाअखेर जाऊ द्या, मगच काढा.

फक्त सकाळीच रेंगाळत असेल तर

विंडोजची आपोआप होणारी देखभाल मूळ सेटिंगप्रमाणे रात्री दोनला ठरलेली असते. ऑफिसचा पीसी तेव्हा बंद. मग चुकलेली कामं पीसी सुरू झाल्यावर जरा निवांत क्षण मिळाला की डोकं वर काढतात: डिफेंडरचं स्कॅन, डिस्कची निगा, अपडेटची तपासणी. तो क्षण नेमका तुम्ही चहा घेताना मिळतो. इथे डिसेबल करण्यासारखी सर्व्हिसच नाही, वेळ बदलायची आहे. कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, तिथे चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज, आणि वेळ दुपारी १ ची द्या. डबा खाताना पीसी चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका.

बूटला किती वेळ लागतो ते अंदाजाने सांगू नका. इव्हेंट व्ह्युअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटचा वेळ मिलिसेकंदांत असतो आणि १०३ मध्ये उशीर करणाऱ्या सर्व्हिसचं नाव. बदलाआधीचे तीन आणि नंतरचे तीन आकडे शेजारी ठेवा. आणि सी ड्राइव्ह अजून हार्ड डिस्कवरच असेल तर हे सगळे बदल मिळूनही जेवढा फरक पाडणार नाहीत तेवढा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली २५६ जीबीची साटा एसएसडी पाडते.

फसलं तर

१०५८ एरर म्हणजे ती सर्व्हिस डिसेबल्ड आहे. १०६८ म्हणजे ती ज्यावर उभी आहे ती सुरू झालेली नाही. प्रॉपर्टीजमधल्या डिपेन्डन्सीज टॅबच्या वरच्या चौकटीत बघा आणि मुळापासून एकेक सुरू करत या.

कमांडने परत करत असाल तर दोन खड्डे आहेत. सर्व्हिसची सेटिंग बदलणाऱ्या एससी कॉन्फिग या कमांडमध्ये स्टार्टला चिकटून बरोबरचं चिन्ह येतं आणि त्यानंतर एक जागा सोडावी, नाहीतर कमांड फसू शकते. दुसरा खड्डा पॉवरशेलमध्ये. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसतं एससी म्हणजे सेट-कंटेंट, ते सर्व्हिसला हात न लावता एरर देतं किंवा निमूटपणे एक फाइल तयार करून मोकळं होतं. तिथे एससी डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहा किंवा साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा.

लॉगिनच होत नसेल तर साइन-इन पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. तोही पडदा येत नसेल तर बूट होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, ती दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी आधीच लिहून ठेवलेली असावी. सेफ मोडमध्ये पिनऐवजी खात्याचा पासवर्ड लागू शकतो. आत गेल्यावर एमएसकॉन्फिगमध्ये नॉर्मल स्टार्टअप निवडा, रीस्टार्ट करा आणि पेनड्राइव्हवरची ती तारखेची यादी उघडून उरलेला फरक हाताने दुरुस्त करा.